चुइलायकाकांची नात तैचुंगला गेली

आमच्या गावात काही जाहीर करायचं असलं की चुइलायकाकांना बोलावत. देवीच्या देवळावर कर्णा आहे, पण काका बोलायला लागले की तो नुसता शोभेला, असं थाव मावशी म्हणायची. वादळ येतंय, तराफे बांधून घ्या. पाणी दुपारी बंद राहील. अमक्याची म्हातारी वारली. सगळं काकांच्या तोंडून. क्वो चुइलाय, वय साठीच्या आसपास, खाडीत कालवं पोसायचे बारा-पंधरा तराफे, घराला लागून पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये बुटक्या स्टुलांवर बसून आम्ही बायका कालवं फोडायचो. मी, थाव मावशी, लिएन आणि आणखी दोघी-तिघी. लिएन व्हिएतनामहून लग्न करून आलेली. नवरा खोल समुद्रातल्या बोटीवर, वर्षातून दोनदा घरी. तिचा हात आमच्या सगळ्यांपेक्षा चपळ होता आणि तोंड सगळ्यांपेक्षा कमी चालायचं.

काकांचा जीव गावच्या शाळेवर. त्यांच्या लहानपणी एकेका इयत्तेच्या तीन तुकड्या होत्या, पोरं मावत नाहीत म्हणून व्हरांड्यातही बाकं टाकलेली. सहावी झाल्यावर काका बापाबरोबर खाडीत गेले ते कायमचे, पण शाळा सुटली नाही. कुंपण मोडलं की खिळे घेऊन हजर, वादळात झाड पडलं की करवत घेऊन हजर. नात युनछी शाळेच्या बालवर्गात बसायला लागली तेव्हा लोकांनी त्यांना पालक संघाचं अध्यक्षपद दिलं. "एवीतेवी तो शाळेतच पडलेला असतो," लोक म्हणाले.

तोवर शाळा आटत आली होती. सगळे वर्ग मिळून पंचवीसेक पोरं. निम्म्याहून जास्त पोरांच्या आया लिएनसारख्या, व्हिएतनामच्या नाहीतर इंडोनेशियाच्या. बाकीची आजी-आजोबांकडे ठेवलेली. आईबाप लांब शहरांत, तैचुंगला, ताओयुआनला कारखान्यांत. ज्यांना जमेल ते आपली पोरं तालुक्याच्या शाळेत घालत. तिथे नुसता नातलगाचा पत्ता दाखवला की काम होई. जिल्ह्याच्या लोकांनी मुख्याध्यापिका ल्याओबाईंना सांगून ठेवलं होतं की पहिलीत मुलं आली नाहीत तर शाळा दुसऱ्या शाळेत मिसळावी लागेल.

काकांनी कर्ण्याचा माईक हातात घेतला. "ज्याला आपल्या गावची शाळा चालत नाही," ते बोलले, "त्यानं आपल्या गावची देवी तरी कशाला पुजायची? तिलाही तालुक्याला घेऊन जा." लोक हसले. पण दोन घरांनी मान खाली घातली, हे आम्ही पाहिलं.

त्या वसंतात पहिलीला येण्यासारख्या गावात दोनच मुली होत्या. काकांची युनछी आणि लिएनची शिनयी. बालवर्गात दोघी शेजारी बसायच्या. आणि लिएननं शिनयीला तालुक्याला घालायचं ठरवलं होतं.

काकांना कळलं तसे ते शेडमध्ये आले आणि लिएनसमोर टोपली उपडी घालून बसले.

"काय गं, ऐकतोय ते खरं का?"

लिएन चाकू थांबवत नाही कधी. "तिथे संध्याकाळपर्यंत मुलांना ठेवून घेतात काका. अभ्यास घेतात. मला इथून लवकर उठता येत नाही."

"तुला लवकर सोडीन की."

"आणि एकटं मूल वर्गात ठेवून काय करू? दरवर्षी नवीन मास्तर येतो नि जातो. बोलायला तरी कुणी पाहिजे तिला."

"एकटी कशी? युनछी आहे की. एका बाकावर बसतील दोघी. सहावीपर्यंत." काकांनी गुडघ्यावर थाप मारली. "हा चुइलायचा शब्द आहे. तू इथली आहेस की नाहीस, हाच प्रश्न आहे बघ. गावची म्हणवतेस ना?"

हे शेवटचं त्यांनी बोलायला नको होतं. शेडमध्ये सगळ्यांचे चाकू एकदम थांबले. लिएनला गावात येऊन आठ वर्षं झाली होती, पण हा प्रश्न तिला कुणी असा तोंडावर विचारला नव्हता. तिचे कान लाल झाले. खाली बघतच ती म्हणाली, "बरं. तुमचा शब्द आहे म्हणता तर."

"म्हणजे काय!" काका उठले, आणि त्या दिवशी आम्हाला घरी नेऊन कालवं घातलेल्या शेवया खाऊ घातल्या.

पुढचं मला आग्योक काकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोनं सांगितलं. तेही बऱ्याच दिवसांनी, कालवं धुताना, पाठ माझ्याकडे करून.

जूनच्या सणाला मुलगा आणि सून तैचुंगहून आले होते. जेवण झाल्यावर सुनेनं विषय काढला. तिची मोठी बहीण तालुक्यात राहते. युनछीचं नाव तिच्या पत्त्यावर लावून आलोय, ती म्हणाली. ऑगस्टअखेर शाळा सुरू होईल, बाबांनी सकाळी स्कूटरवरून सोडायचं, बस.

काका म्हणाले, "अगं पण मी इथला अध्यक्ष आहे."

"म्हणून काय झालं?" मुलगा, ची-वेई, म्हणाला. "अध्यक्षाच्या नातीनं एकटीनं बसायचं?"

"एकटी नाही. लिएनची आहे."

सून वाईट बाई नाही, काकू म्हणाल्या. तिनं आवाजही चढवला नाही. "बाबा, राग मानू नका. त्या शाळेत सगळी बाहेरच्या बायकांची मुलं आहेत. त्यांच्या आयांना अक्षर वाचता येत नाही. आपली मुलगी त्यांच्यात काय शिकणार?"

आता काका बोलतील, असं काकूंना वाटलं. त्या बायका काकांच्या शेडमध्ये बसतात, काकांच्या ताटात जेवतात. लिएनच्या हातावर काकांचं घर चालतं असं ते स्वतःच कितीदा म्हणाले होते. पण काका दातकोरणी शोधत राहिले. मग म्हणाले, "तिकडे दुपारचं जेवण कसं असतं?"

"मला तेव्हाच कळलं," काकू म्हणाल्या, "ह्यांच्याही मनात तेच होतं. सून बोलली म्हणून सुटले. हायसं वाटलं त्यांना. मी बघत होते ना तोंडाकडे."

शाळा उघडली. पहिल्या दिवशी शिनयी नवं दप्तर घेऊन गेली आणि वर्गात एक बाक, एक मुलगी आणि एक मास्तर. लिएन शेडमध्ये आली तेव्हा काकांनी तिच्याकडे न बघताच सांगून टाकलं, "युनछीला आईबापांनी तैचुंगला नेलं. अचानक ठरलं. आईबापांचा जीव असतो, काय करणार."

"हो का," लिएन म्हणाली.

आता जे झालं ते सांगायलाही कसंतरी वाटतं. युनछी तैचुंगला गेली नव्हती. ती घरातच होती. काका रोज सकाळी उजाडताच तिला स्कूटरवर मागे बसवत आणि शाळेसमोरच्या रस्त्यानं न जाता समुद्राच्या बांधावरून जात. तो रस्ता खडबडीत, खारा वारा तोंडावर. पोरीच्या अंगावर मोठ्यांचा रेनकोट घातलेला, हेल्मेट खाली ओढलेलं. संध्याकाळी त्याच वाटेनं परत. मग पोरीनं बाहेर यायचं नाही. देवळासमोर नाही, दुकानात नाही, शेडमध्ये तर नाहीच. टीव्हीचा आवाज बारीक. एकदा तिनं विचारलं, "आजोबा, आपण कुणापासून लपतोय?" काकांनी तिला कोळंबीचे कुरकुरे आणून दिले.

गावात अशी गोष्ट लपते का? दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. बांधावर गळ टाकून बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी पाहिलं, दुकानदारानं कुरकुऱ्यांवरून ओळखलं. फक्त काकांना वाटत होतं की आम्हाला ठाऊक नाही. आणि आम्ही कुणी बोललो नाही. थाव मावशीसुद्धा गप्प राहिली, यावरूनच समजा.

लिएनलाही माहीत होतं. मी तिला एकदा विचारलं, "तू काही म्हणत का नाहीस?"

"काय म्हणू? रोज मी शेडमध्ये शिरले की ते तराफ्याकडे निघून जातात. भरती असो, ओहोटी असो. ओहोटीला चिखलात उभे राहतात बिचारे." तिनं शिंपला फेकला. "राहू देत उभे."

आणि खरंच, काका वाळत चालले होते. कर्ण्यावर बोलवायला लोक आले तर घसा बसलाय म्हणत. पालक संघातून त्यांनी अंग काढून घ्यायला पाहिलं, पण नवीन अध्यक्ष व्हायला कुणी तयार नव्हतं. ल्याओबाई म्हणाल्या, "खेळांचा दिवस होऊन जाऊ दे, तोवर तुम्हीच बघा." त्यांना माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही.

आमच्याकडे शाळेचा खेळांचा दिवस म्हणजे गावाची जत्राच. पोरं कमी, म्हणून म्हातारेकोतारेही दोरीखेच खेळतात. ऑक्टोबरातला शनिवार, ऊन लख्ख. मैदानाच्या एका बाजूला आम्ही सॉसेज भाजत होतो, दुसऱ्या बाजूला पताका. शर्यत सुरू करायचं पिस्तूल अध्यक्षाच्या हातात देतात. काकांनी पांढरी टोपी घातली होती, ती कपाळावर जरा जास्तच खाली आलेली.

सहावीची शर्यत झाली, चौथीची झाली. मग मास्तरांनी पुकारलं, पहिली. शिनयी एकटी रेषेवर येऊन उभी राहिली. सहा पट्टे आखलेले, ती मधल्या पट्ट्यात. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"आजोबा, दुसरं कोण पळणार?"

काका म्हणाले, "तू एकटीच बाळ."

"मग मी जिंकलेच की. पळायचं कशाला?"

लोक हसले. गोड हसले, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. काकांनी पिस्तूल वर केलं, पण चाप ओढेनात. हात तसाच वर. मी लिएनकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

एवढ्यात कुंपणाकडून आवाज आला, "थांबा. मी पण."

युनछी. घरात बसून तिला बँडचा आवाज ऐकू येत होता, पताका दिसत होत्या. आजी जरा न्हाणीघरात गेली आणि पोरगी निघाली. पायात घरातल्या सपाता, अंगात तालुक्याच्या शाळेचा खेळाचा सदरा, छातीवर त्या शाळेचं नाव मोठ्या अक्षरात. धावत आली ती सरळ शिनयीच्या शेजारच्या पट्ट्यात उभी राहिली. तिचा हात धरून म्हणाली, "मी तैचुंगला नव्हते गेले."

सॉसेजची चरबी निखाऱ्यावर पडून चरचरत होती, तेवढाच आवाज.

थाव मावशीला इतके दिवस धरून ठेवलेलं आता धरवलं नाही. "तैचुंग फारच जवळ आलं गं बाई," ती म्हणाली.

यावेळी कुणी हसलं नाही. आणि तेच वाईट झालं. हसले असते, धक्का बसला असता, कुणी 'अरेच्चा' म्हटलं असतं, तर काकांना वाटलं असतं की आता कळलं. पण कुणालाच नवल वाटलं नाही. काकांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. दुकानदार, गळ टाकणारे म्हातारे, मी, ल्याओबाई. तेव्हा त्यांना कळलं की दोन महिने ते ज्या चिखलात उभे होते तिथे गाव त्यांना बघत होतं. आणि त्यांची लाज झाकायला आम्ही सगळे, अगदी लिएनसुद्धा, खोटं खोटं आंधळे झालो होतो.

"आजोबा, वाजवा ना," शिनयी म्हणाली.

त्यांनी पिस्तूल वाजवलं. मुली पळाल्या. युनछीची एक सपात निघाली, ती आणायला ती मागे फिरली. शिनयी तिच्यासाठी थांबली, मग आठवलं की ही शर्यत आहे, आणि पुन्हा सुसाट सुटली. जिंकल्यावर तिनं जे दात दाखवले ते बघून लिएननं तोंड ओंजळीत घेतलं. काकांनी पिस्तूल मास्तरांच्या टेबलावर ठेवलं, टोपी काढून त्यावर ठेवली आणि भर उन्हात बोडक्यानं घरी निघून गेले.

चार-पाच दिवस ते शेडमध्ये आले नाहीत. खाडीतही नाही. काकू डोळे पुसत सांगायच्या की भिंतीकडे तोंड करून पडलेत, जेवण म्हटलं तर म्हणतात मांजराला घाल.

शेवटी लिएनच त्यांच्या घरी गेली. मला म्हणाली, सोबत चल, एकटीला शब्द सुचले नाहीत तर. काका ओट्यावर बसले होते. तिला बघून उठायला लागले.

"बसा काका. आज कुठे जाल? ओहोटी आहे."

ते बसले. मग म्हणाले, "लिएन, मी युनछीला परत आणतो. सोमवारी. तुझ्या पोरीशेजारी बसवतो. ची-वेईला फोन केलाय मी."

"काय म्हणाला?"

आतून काकू म्हणाल्या, "म्हणाला, शाळा बदलली तर पोरीला घेऊनच जाईन. दोघं कामावर जाणार, पोर कुलपात राहील. तरी नेईन म्हणाला."

"म्हणजे नाही जमणार," लिएन म्हणाली. मग तिनं मान वर करून सरळ त्यांच्याकडे पाहिलं. आठ वर्षांत तिला असं बघताना मी पाहिलं नव्हतं. "मला माफी नकोय काका. माफीचं मी काय करू? वसंतात मी माझ्या मुलीचं ठरवलं होतं. तुम्ही विचारलंत, तू इथली आहेस का. मी घाबरले. माझ्या घाबरण्यानं माझी मुलगी दोन महिने भिंतीशी बोलतेय. आता मी तिला तालुक्याला घालतेय. आणि मला स्कूटर येत नाही. तुमची जातेच रोज."

काकांचा चेहरा असा झाला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. "ती गेली तर पहिली बंद होईल," ते कसेबसे म्हणाले. "शाळा जाईल. माझ्या हातानं..."

"हो," लिएन म्हणाली. "तुमच्याच हातानं."

ते रागावतील असं मला वाटलं. ते नुसतं म्हणाले, "सकाळी तयार ठेव."

"आणि बांधावरून नाही न्यायची. पोरींना वारा लागतो. समोरच्या रस्त्यानं न्या."

मग रोज तेच. पुढे शिनयी उभी, मागे युनछी, मध्ये काका, आणि स्कूटर शाळेच्या फाटकासमोरून जायची. ल्याओबाई फाटकात उभ्या राहून येणाऱ्या पोरांना नमस्कार करतात. पहिल्या दिवशी काका जवळ येताच खाली उतरले, स्कूटर हातानं ढकलत फाटकासमोरून नेली, पुढे जाऊन पुन्हा सुरू केली. दुसऱ्या दिवशीही तसंच. पोरींना वाटायचं स्कूटर तिथे बंद पडते. ल्याओबाईंनी एकदा त्यांना थांबवून सांगितलं, "अध्यक्ष, या दोघी असत्या तरी शाळा फार तर दोन वर्षं टिकली असती."

"दोन वर्षं टिकली असती," काका म्हणाले, आणि ढकलत पुढे गेले.

उन्हाळ्यात शाळा तालुक्याच्या शाळेत मिसळली. उरलेल्या पोरांना न्यायला छोटी बस आली, शिनयी आणि युनछीही तिच्यातून जायला लागल्या. दोघींचं आता इतकं गूळपीठ की तालुक्यातली पोरं त्यांना बहिणी समजतात. सुनेलाही तसं समजलेलं चालतं. सणाला येताना ती दोघींना सारखे फ्रॉक आणते. काका कर्ण्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत. आता दुकानदार बोलतो, कुणाला काही कळत नाही, सगळे एकमेकांना विचारत बसतात.

शाळेच्या इमारतीत गावानं म्हाताऱ्यांसाठी दुपारच्या जेवणाची सोय केली. पहिलीच्या वर्गात टेबलं मांडली. स्वयंपाकाला लिएन लागली. कालवांपेक्षा तिला ते बरं वाटतं, हात चिरत नाहीत. काकांच्या वयाचे सगळे तिथे जेवायला येतात, जेवून झोपाही काढतात. काका येत नाहीत. सुरुवातीला काकू त्यांचा डबा घेऊन जायच्या. मग काकूंचे गुडघे धरले, तेव्हा काका स्वतः यायला लागले, पण फाटकापर्यंतच. बाहेरच्या कठड्यावर बसतात.

परवा मी तिथे भाजी द्यायला गेले होते. लिएननं खिडकीतून हाक मारली, "काका, आत या. पंखा आहे."

"नको. इथे बरंय."

"थाव मावशी विचारतेय, तुमची जागा धरून ठेवू का."

"जेव म्हणावं तिला."

लिएन ताट घेऊन बाहेर गेली. भात, भोपळ्याची भाजी, मासा. ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं, माशाचा मोठा काटा स्वतःच काढून टाकला आणि आत निघून आली. काका बराच वेळ ताटाकडे बघत बसले होते. मग फाटकाकडे पाठ करून जेवायला लागले.